टाकी सोडून सगळं

जीपकरांची जीप एअर घेते. सातारा परिसरातल्या त्यांच्या गल्लीत हे दूधवाल्यापासून पेपरवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. नवीन भाडेकरू आला की त्याला आधी तीन गोष्टी सांगतात. टँकर कधी येतो, घंटागाडी कधी येते आणि सकाळी सातच्या सुमाराला घर्रर्र-घर्रर्र असा आवाज आला तर घाबरायचं नाही, जीपकर सेल्फ मारतायत.

त्यांचं खरं आडनाव गेटवरच्या पाटीवर आहे, पण ते फक्त पोस्टमन वाचतो. आणि जीपकर हा काही एकटा माणूस नव्हे, ती जमात आहे. छत्रपती संभाजीनगरात ती सगळीकडं आढळते. सिडकोत दातांचा डॉक्टर म्हणून, वाळूजच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर म्हणून, वैजापूरकडं बागाईतदार म्हणून आणि आमच्या गल्लीत बँकेतून निवृत्त झालेला अधिकारी म्हणून. ओळखायचं कसं? लग्नात अक्षता टाकताना उजव्या हाताची नखं बघायची. काळी किनार कुठल्याच साबणाला दाद देत नाही. निरोप समारंभात मिळालेली हिमरूची शाल उलगडून बघायची. एका कोपऱ्यावर डिपस्टिक पुसल्याचा डाग असतो. आणि वर्षानं भेटलेल्या मित्राला जो ‘तब्येत कशी आहे?’ असं न विचारता ‘एका सेल्फमध्ये घेते का?’ असं विचारतो, तो जीपकर.

एअर घेणं म्हणजे काय, हे दुसऱ्या गावात समजावून सांगावं लागलं असतं. आमच्या शहरात नाही. इथं बऱ्याच दिवसांनी नळाला पाणी येतं तेव्हा नळ आधी फुसफुसतो, मग थुंकतो, मग गढूळ धार सोडतो आणि मग कुठं पाण्यावर येतो. डिझेलच्या नळीतही तेच होतं. फरक इतकाच, की नळाखालची बादली वाट बघते आणि इंजिन बघत नाही. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते, डिझेलच्या नसते. आत कोंडलेली हवा दाबून दाबून तापवायची आणि नेमक्या वेळेला नोझलमधून डिझेलचा फवारा मारायचा, एवढ्यावर सगळा कारभार. नोझल उघडायला शंभराहून जास्त बार दाब लागतो. डिझेल दबत नाही म्हणून तो दाब नोझलपर्यंत पोचतो. हवा मात्र दबते. नळीत एक बुडबुडा शिरला की पंप बिचारा त्या बुडबुड्यालाच दाबत बसतो, नोझल उघडत नाही आणि मालक रस्त्याच्या कडेला उतरतो.

जीपकरांची गाडी एमएम ५४०. म्हणजे आरसी बुकात तसं लिहिलंय. एका सरकारी खात्याच्या लिलावात ती घेतली तेव्हा बॉनेट एका गाडीचं, पुढची जाळी दुसरीचीच आणि डाव्या बाजूच्या दाराला चहाच्या एजन्सीची जाहिरात होती. इंजिन मात्र अस्सल निघालं. प्यूजोचं, एक्सडीपी ४.९०, चार सिलिंडर, २११२ सीसी. हा आकडा जीपकर असा उच्चारतात की ऐकणाऱ्यानं उभं राहावं. बोलता बोलता ते १९४५ सालात शिरतात. ही जीप बनवणारी कंपनी लुधियानात निघाली तेव्हा तिचं नाव महिंद्रा अँड मोहम्मद होतं. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिकडचे पहिले अर्थमंत्री झाले आणि इकडं १९४८ मध्ये पाटीवर दोन्हीकडं महिंद्राच उरले. ‘एक भागीदार अर्थमंत्री झाला आणि दुसऱ्यानं जीप केली. आता सांगा, शहाणा कोण?’ असं विचारून ते किल्ली फिरवतात. घर्रर्र-घर्रर्र होतं. उत्तर द्यायची वेळ येत नाही.

घर घेताना लोक पाणी बघतात, रस्ता बघतात, शाळा बघतात. जीपकरांनी उतार बघितला. सातारा परिसर डोंगराच्या पायथ्याशी, त्यामुळे उताराला तोटा नाही. टँकरवर दिवस काढावे लागतील, असं एजंटानं प्रामाणिकपणे सांगितलं, पण जीपकरांनी खिशातली गोटी रस्त्यावर सोडून बघितली होती. ती गडगडत कोपऱ्यापर्यंत गेली. जागीच इसार दिला. गाडी तोंड खाली करून उभी केली की दोन फायदे होतात. सेल्फनं मान टाकली तरी गाडी ढकलून चालू करता येते, हा एक. आणि टाकी मागं, चढाच्या बाजूला राहिल्यामुळं रात्रीतून नळीतलं डिझेल टाकीकडं परत उतरत नाही, हा दुसरा. पहिला फायदा कुणालाही कळतो. दुसरा ज्याला न सांगता कळतो त्याला जीपकर घरात बोलावून चहा देतात.

इतकं करूनही सकाळी एअर असायची ती असतेच. मग सोहळा सुरू होतो. बॉनेट उघडायचं, बनियनचा फडका खांद्यावर टाकायचा, फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा स्क्रू दहाच्या पान्यानं दीड आटा ढिला करायचा आणि प्रायमर दाबायला लागायचं. पहिल्या दाबांना काहीच येत नाही. मग स्क्रूच्या गळ्याशी फेस जमतो, साबणाच्या पाण्यासारखा पांढुरका. फेसात बुडबुडे मोठे असले तर जीपकर ‘हं’ म्हणतात, बारीक असले तर ‘अस्सं’ म्हणतात. या दोहोंत काय फरक आहे, ते त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही. फेस ओसरतो, स्वच्छ डिझेलची धार लागते, धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. आवळायला एक क्षण उशीर झाला की हवा परत आत. त्यानंतर नोझलच्या पाइपांचे नट एकेक करून सैल करायचे आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. या ‘कुणाला तरी’मध्ये गल्लीतला प्रत्येक जण कधी ना कधी मोडलेला आहे. नटाशी डिझेल पचकन उडालं की तो आवळायचा. दुसऱ्या सिलिंडरला इंजिन खोकतं, तिसऱ्याला रडतं, चौथ्याला अख्खं अंग थरथरवून उठतं. पांढऱ्या धुराचा लोट समोरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जातो. जीपकर फडक्यानं हात पुसतात आणि मंगलाष्टकं संपल्यावर भटजी बघतात तसं सगळ्यांकडं बघतात.

पण खरं त्यांचं राज्य संध्याकाळी असतं. पाच वाजले की ओट्यावर निदानाचा दरबार भरतो. महावितरणमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ फीड पंपाच्या बाजूचे. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे सर कायम बँजो बोल्टवर संशय घेतात. ट्रॅक्टरवाला शेतकरी मित्र ‘फिल्टर बदला ना भाऊ’ यापुढं सरकत नाही. त्याच्या मते जगातले बहुतेक प्रश्न फिल्टर बदलल्यानं सुटतात. जीपकर सगळ्यांचं ऐकतात आणि सगळ्यांचं करतात. फीड पंपाचं किट बदललं. फिल्टर बदलले, आधी कापडी, मग कागदी. रबरी नळ्या बदलल्या, क्लिपा बदलल्या. नोझल काढून दाब तपासून घेतले. शेवटी पंपाची पाळी आली.

पंप काढणं हा जीपकरांच्या जातीत मोठा संस्कार आहे. पंप कुठल्याही कंपनीचा असो, जिन्सीकडच्या गल्लीत त्याला मायकोच म्हणतात. १९५१ मध्ये बंगळुरात निघालेल्या त्या कंपनीचं नाव २००८ पासून बॉश झालं, पण हे गल्लीत अजून कुणी मनावर घेतलेलं नाही. पंपात प्लंजर असतो आणि प्लंजर नि त्याचा बॅरल यांत जागा असते दोन ते चार मायक्रॉन, केसाच्या जाडीच्या साधारण विसाव्या हिश्शाएवढी. म्हणून टाकीतून गंजाचा एक कण आला तरी पंपाचं आयुष्य कमी होतं. हे जीपकर प्रत्येकाला सांगतात. ‘टाकीतून’ हा शब्दसुद्धा स्वतःच्या तोंडानं उच्चारतात. आणि तरी टाकी उतरवत नाहीत.

इथं या माणसाचा खरा स्वभाव कळतो. टाकी उतरवणं हे काम स्वस्त आहे, घाणेरडं आहे आणि त्यात चर्चेला काही नाही. पंपाचं कॅलिब्रेशन म्हटलं की समोरचा माणूस आदरानं बघतो. नोझलचा दाब म्हटलं की भौतिकशास्त्राचे सर खुर्ची पुढं ओढतात. टाकी धुतली म्हटलं की लोक विचारतात, पाण्याची का? जीपकरांना दुखणं बरं करायचंच नाही, असं त्यांचे विरोधक म्हणतात, पण ते खोटं आहे. त्यांना बरं करायचंय. फक्त ते आपल्या इभ्रतीला शोभेल अशा भागातलं दुखणं निघावं, एवढीच त्यांची अट आहे.

पंपवाल्या उस्तादांनी मात्र पंप हातात घ्यायच्या आधीच सांगितलं होतं, ‘साब, पंपकू हात नक्को लगाओ. पैले टाकी देखो.’ जीपकर हसले. उस्तादांनी खांदे उडवले आणि पंप खोलला, कारण धंदा धंदा असतो. त्यांनी त्यांचा नियमही ऐकवला होता. टाकीपासून फीड पंपापर्यंत ओढ असते, तिथं भोक पडलं तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. फीड पंपाच्या पुढं दाब असतो, तिथं भोक पडलं तर डिझेल बाहेर दिसतं. तुमची गाडी एक थेंब गळत नाही, म्हणजे भोक मागं आहे. हा नियम जीपकरांनी वहीत लिहून घेतला, लाल शाईनं अधोरेखित केला आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या बाजूचे सगळे तांब्याचे वॉशर काढले.

वॉशर कडक झाला की बसत नाही. त्याला लालबुंद तापवून पाण्यात टाकला की तांबं नरम पडतं आणि जुनाच वॉशर पुन्हा कामाला येतो. हे ज्ञान खरं आहे, पण त्याची प्रयोगशाळा वहिनींच्या गॅसवर होती. एका शेगडीवर चहा, दुसरीवर चिमट्यात धरलेला वॉशर. पाण्यात टाकायचा वॉशर चहात नि चहात टाकायचं आलं पाण्यात, असं कधी झालं नाही, याचं श्रेय वहिनींच्या पहाऱ्याला. त्या बोलत काही नसत. फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरवर दूध, पेपर, कामवाली यांच्या खाली ‘डिझेल’ असाही एक रकाना त्यांनी आखला होता. जीपकरांना वाटायचं, हिला हळूहळू गोडी लागतेय.

रविवारी जीपकर म्हैसमाळला जातात. समुद्रसपाटीपासून हजार मीटरवरचं हे ठिकाण शहरापासून तासाभराच्या अंतरावर. जीपकरांना किती वेळ लागतो, ते त्या दिवशीच्या एअरवर अवलंबून. पाहुण्यांना वाटेत ते इतिहासही दाखवतात, पण त्यांच्या पद्धतीनं. पाहुणा दौलताबादच्या किल्ल्याचा फोटो काढत असतो आणि हे समोरच्या लिंबाकडं बोट दाखवतात, ‘इथं दोन नंबरचा पाइप तुटला होता.’ तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून इथं आणली, याचं त्यांना विशेष कौतुक नाही. यायला कुणीही येतं. तो नंतर परत दिल्लीला पोचला, याचं ते कौतुक करतात. शहरात आल्यावर पाणचक्कीला थांबतात. डोंगराकडचं पाणी मातीच्या नळांतून येतं आणि उंच भिंतीवर चढून खाली कोसळतं, त्यावर जातं फिरायचं. सगळे पर्यटक हौदातले मासे बघतात. जीपकर भिंतीकडं बघत उभे राहतात. ‘एवढ्या लांबून पाणी आणलं. मधे कुठं एअर धरली असती तर चक्की फिरली असती का?’ त्यांच्या लेखी निजामाच्या काळात या शहरात खरा मिस्तरी होता आणि त्यानं पहिल्यांदा ओढीच्या बाजूचे सांधे तपासले होते.

या जमातीत एक पेट्रोल पंथही आहे. जिप्सीवाले आणि जुन्या विलीसवाले. त्यांचं दैवत कार्बोरेटर. मे महिन्यात पारा बेचाळीसवर गेला की त्यांच्या पेट्रोलची नळीतच वाफ होते, मग ते फ्युएल पंपावर ओला पंचा टाकून सावलीत बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला रसवंती कुठं आहे ते विचारतात. अलीकडं पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून त्यांना नवा विषय मिळालाय. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुन्या रबराला ते सोसत नाही, डायफ्रॅम खराब होतो. ही तक्रार खरी असली तरी डिझेलवाले ती गालातल्या गालात हसत ऐकतात. ‘ऊस आपलाच, रस आपलाच, आता टाकीही तुमचीच,’ असं एकदा जीपकर म्हणाले, तेव्हापासून दोन्ही पंथांत रोटीव्यवहार उरलाय, पानाव्यवहार बंद आहे.

पुतण्या दिवाळीत त्याची नवी कोरी गाडी घेऊन आला. कॉमन रेल, दोन हजार बारच्या घरातला दाब, जागोजागी सेन्सर. कन्नडच्या घाटात तिच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि गाडीनं वेग धरायलाच नकार दिला. फोन आला तसे जीपकर निघाले. नेमकी त्या दिवशी त्यांची जीप कुरकुर न करता घाट चढली. त्यांनी पुतण्याच्या गाडीचं बॉनेट उघडलं. आत काळ्या प्लॅस्टिकचं एक मोठं झाकण. त्यांनी झाकणाभोवती हात फिरवला. स्क्रू नाही, प्रायमर नाही, नट दिसत नाही. ‘अरे, यात दाबायला काहीच ठेवलं नाही?’ त्यांच्या आवाजात राग नव्हता, शोक होता. क्रेन येईपर्यंत ते पुतण्याला धीर देत बसले. गाडीला काय झालंय, ते स्कॅनर लावल्यावर कळेल, असं पुतण्या म्हणाला. स्वतःच्या गाडीचं दुखणं दुसऱ्यानं सांगेपर्यंत कळू नये, याहून वाईट दिवस माणसावर येऊ नये, असं जीपकरांचं मत पडलं. पंधरा वर्षांवरच्या गाडीचा पर्यावरण कर भरताना आरटीओच्या खिडकीवर ते हेच मत ऐकवतात. दिल्लीकडं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ पासून गंडांतर आलंय, तिकडच्या जीपकरांसाठी ते मनापासून हळहळतात.

घाटातून परतले त्या रात्री पानं वाढताना वहिनी बोलल्या. ‘आज घाटात कशी काय चढली?’

‘पंपाचं कॅलिब्रेशन केलंय. चढणारच.’

‘नाही. आज टाकी फुल होती.’

वहिनींनी कॅलेंडर आणून ताटाशेजारी ठेवलं. त्यात सगळं होतं. पाचशेचं डिझेल टाकलं की चार दिवसांत एअर. म्हैसमाळला जायचं म्हणून टाकी फुल केली की आठवडाभर ठणठणीत. पुढं टाकी अर्ध्याच्या खाली गेली की पुन्हा प्रायमर, पुन्हा फडका, पुन्हा समोरच्यांचे कपडे. महिनेच्या महिने हेच. भौतिकशास्त्राच्या सरांनी दुसऱ्या दिवशी ते कॅलेंडर बघितलं आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

टाकी उतरली. जीपकर त्या दिवशी ओट्यावरून उठले नाहीत, काम उस्तादांच्या पोरांनी केलं. टाकीत बारीक खडी आणि डिझेल घालून दोघांनी दोन टोकांना धरून ती झुलवली, तेव्हा चहाच्या चोथ्यासारखा गंज बाहेर पडला. पण गंज हा साथीदार होता, आरोपी वेगळाच निघाला. टाकीत वरून खाली तळापर्यंत जी ओढनळी उतरते तिला साधारण अर्ध्या उंचीवर, सुईच्या टोकाएवढं भोक पडलेलं होतं. डिझेल त्याच्या वर असलं की भोक बुडालेलं, गाडी सुखात. डिझेल खाली गेलं की भोक उघडं आणि नळी डिझेलबरोबर हवा प्यायची. रात्रीतून नळी रिकामी व्हायची तीही त्यातूनच. पितळ भरायला जो खर्च आला तो सांगताना उस्तादांनाच संकोच वाटला. पंपाच्या बिलाशी त्याची तुलना करायची नाही, असं घरात ठरलंय.

आता जीप एका सेल्फमध्ये घेते. दरबार मोडेल, जीपकर खचतील, अशी गल्लीला काळजी होती. झालं उलटंच. सिडकोच्या डॉक्टरांची जीप आली, वैजापूरच्या बागाईतदाराची आली, पेट्रोल पंथातलेही दोघे अंधार पडल्यावर येऊन गेले. जीपकर बॉनेट उघडूही देत नाहीत. पाहुण्याला खुर्ची देतात, चहा सांगतात आणि डोळे अर्धे मिटून पहिला प्रश्न विचारतात, ‘टाकी किती भरलेली असते तेव्हा रुसते?’ समोरचा चमकतो. मग ते सांगतात, ‘मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो. लोक पंपामागं धावतात. दुखणं टाकीत असतं.’ कॅलेंडर त्यांनी स्वयंपाकघरातून हलवून दिवाणखान्यात लावलंय आणि त्याला ते ‘माझा रेकॉर्ड’ म्हणतात.

परवा उस्ताद पैसे न्यायला आले होते. त्यांनी हे सगळं भाषण उभ्यानं ऐकलं, चहाचा कप खाली ठेवला आणि आत वहिनींना हाक मारून म्हणाले, ‘भाभी, गाडीकी एअर तो निकल गई. अब मालिककी निकालनेकी है. उसका स्क्रू किधर है, हमकू नै मालूम. आपकूच देखना पडता.’

वहिनी म्हणाल्या, ‘आवळूनच ठेवलाय उस्ताद. सोडला की फार फेस येतो.’